आवाज दूर गेल्याबाबत

विषय : मौजे नंदुरबार येथील रहिवासी दोधू वल्द सुपडू यांची मुलगी कोकिळा हिचा आवाज दूर गेल्याबाबत.

संदर्भ : सदर इसमाचा अर्ज, सन १९१४. सोबत जोडलेली वस्तू : पत्र्याचा भोंगा, नग एक.

हसू नका रे. सगळी हयात मामलेदार कचेरीत बारनिशीच्या टेबलावर गेली. आलेला कागद घ्यायचा, गेलेला कागद नोंदवायचा. आता पेन्शनीत निघालो तरी विषय आणि संदर्भ सांगितल्याशिवाय तोंडातून साधी गोष्टसुद्धा निघत नाही. आणि ही सांगणारही नव्हतो. या नथूमुळे सांगावी लागतेय.

नथूला त्याच्या आईनं घासलेट आणायला धाडलं होतं. रेशनचं घासलेट मिळालं नाही, तेव्हा रिकामी बाटली घेऊन तो इथं ओट्यावर गप्पा ऐकत बसला. दिवा नसल्यावर गप्पा बऱ्या होतात. मघाशी गल्लीच्या टोकाकडून हाक आली, "नथू रे!" हा लगेच 'ओ' म्हणायला उठला. मी मनगट धरून खाली बसवला. दुसरी हाक आली, तरी सोडला नाही. तिसरी आली तेव्हा म्हटलं, आता दे ओ. मग आईनं याला आणि मला जे ऐकवलं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. "कान फुटनात का रे तुन्हा? का तात्यानी शिकाडं?" ती खरंच त्याची आई होती, हे तेवढ्यावरून सिद्ध झालं.

आपल्याकडचा जुना रिवाज आहे. रात्री बाहेरून नावानं हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. जे बाहेरचं असतं त्याला तिसरी हाक मारता येत नाही, म्हणतात. का येत नाही, ते मला माहीत नाही. कदाचित त्यांच्यातही मंजुरी लागत असेल. पण रिवाजाला दुसरी बाजू असते, ती कोणी सांगत नाही. आपण बाहेर हाक मारली, आपल्या माणसानं रिवाज पाळून ओ दिली नाही, आणि मधली जागा रिकामी राहिली... तर?

दोधू माझ्या ओळखीचा. आमच्या घराच्या मागच्या गल्लीत राहायचा. आधी एका नाटक मंडळीबरोबर फिरायचा. ती मंडळी बुडाल्यावर त्यानं एका रेकॉर्ड कंपनीच्या गोऱ्या साहेबाकडे काम धरलं. साहेब गावोगाव फिरून गाणी भरून घ्यायचा. कंपनीचं नाव सांगत नाही. तिचा या प्रकरणात दोष एवढाच की तिनं धंदा केला.

तेव्हा वीज नव्हती, हल्लीसारखं यंत्र नव्हतं. भिंतीतून एक मोठा भोंगा बाहेर आलेला. भिंतीपलीकडे साहेब आणि मेणाची फिरती तबकडी. अलीकडे सगळी गाणारी मंडळी, एकाच भोंग्यापुढे. एखाद्याचा आवाज मोठा करायचा तर त्याला पुढे उभं करायचं, लहान करायचा तर मागे. याला दुसरा इलाज नाही. सारंगी भोंग्याला खेटून, पेटी टेबलावर चढवलेली, तबला पार मागच्या भिंतीला. गाणारा वरच्या सुरात गेला की त्याला दंड धरून मागे ओढायचा, खाली आला की पुढे ढकलायचा. हे ढकलाढकलीचं काम दोधूचं. आमच्या कचेरीतही हेच चालायचं, फक्त गाणं नसायचं.

बायकांच्या दंडाला परक्यानं हात कसा लावायचा? म्हणून दोधूनं लाकडी पाटाला चाकं बसवली आणि दोरी बांधली. बाई पाटावर मांडी घालून गायची, हा लांबून दोरीनं मागे घ्यायचा, पुढे आणायचा. साहेब खूश. डोळे मिटून दोधू सांगायचा, हा आवाज दोन हातांवर, हा दाराशी, हा दाराबाहेर. त्यात तो चुकत नसे.

सन तेराच्या मार्गशीर्षात साहेब नंदुरबारला उतरला. जागा शोधता शोधता आधी मिरचीच्या वखारीत गेले. तिथं पहिल्या गवयानं आ केला तो शिंकण्यासाठीच. सारंगीवाला रडत बाहेर आला. शेवटी स्टेशनच्या अंगाला एका जिनिंगची कापसाची वखार मिळाली. चारी बाजूंनी गाठी रचलेल्या. आत टाळी वाजवली तर हातालाच ऐकू यायची. प्रतिध्वनी नावाला नाही. साहेबाला हेच हवं होतं, आणि भरून झाल्यावर तोच म्हणाला की बरोबर नाही. सगळे आवाज एकाच भिंतीला चिकटवल्यासारखे वाटतात. मागे काही जागाच वाटत नाही.

दोधू म्हणाला, "जागा पायजे ना साहेब? मी देस जागा."

वखारीला मागे एक दार होतं, कायम बंद. त्यापलीकडे जुनी बारव. पायऱ्या खाली पाण्यापर्यंत गेलेल्या. तिचं पाणी कोणी पीत नसे. कचेरीच्या कागदात ती 'निरुपयोगी' या सदरात होती. का निरुपयोगी, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

दोधूची बायको गजराबाई. गळा असा की जात्यावर बसली तर शेजारणी आपलं दळण थांबवायच्या. तिला एक गाणं यायचं. दिवेलागणीला आई शेतातल्या पोरीला घरी बोलावते, पोर लांबून 'आले गं माय' अशी ओ देते. तीन कडवी, प्रत्येकाच्या शेवटी हाक. दोधूनं ठरवलं, गजराबाई भोंग्यापुढे पाटावर बसेल, आणि ओ देईल त्यांची मुलगी कोकिळा. ती सासरहून पहिल्या खेपेला आली होती. तिला मागचं दार उघडून बारवेच्या वरच्या पायरीवर उभी केली. दिवसा तालीम घेतली. पोरीचा आवाज पाण्यावर आपटून, दारातून, गाठींच्या मधून असा काही आला की साहेबानं टोपी काढली.

गाण्यात शब्द होता 'पोरी'. दोधूला तो पटेना.

"पोरी म्हनू नको. तिन्हं नाव ली," तो बायकोला म्हणाला. "नाव लिधं म्हंजे खरी हाक वाटस. खरी हाक लांब जास."

"गानामा घरनी पोरनं नाव?" गजराबाई म्हणाली. "बरं दिखस का?"

"साहेबले काय समजस? तू ली."

दिवसा जिनचं इंजिन धडधडायचं, गाड्यांच्या शिट्ट्या. म्हणून मेणावर भरायचं ते रात्री ठरलं. दिवसाच्या तालमीत पोर तिन्ही हाकांना ओ देत होती. रात्री काय वेगळं होणार, हा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. सगळे खानदेशातले. सगळ्यांना रिवाज पाठ. तरीही.

रात्री मेण फिरू लागलं. गजराबाईनं पहिलं कडवं म्हटलं आणि हाक दिली.

"दिवा लागना वं कोकी, घर ये..."

बाहेरून काही नाही. दोधूनं कपाळाला हात लावला. मेण थांबवता येत नाही, बोलता येत नाही. गजराबाई गात राहिली. दुसरी हाक. काही नाही. तिसऱ्या हाकेला मात्र पोरीनं ओ दिली, "उनू वं माय." दोधू तणतणत दाराशी गेला.

"काय वं, झोपी गयी व्हती का?"

कोकिळा थंडीनं कुडकुडत होती. म्हणाली, "रातले पहिली हाकले ओ कशी देऊ, आबा? तोंडच उघडेना."

दोधूही तेच शिकून मोठा झालेला. तेवढ्यात साहेब वखारीत भिंतीच्या जागी लावलेल्या पडद्यामागून बाहेर आला. तो हसत होता. फर्स्ट क्लास, म्हणाला. पुन्हा भरायची गरज नाही.

दोधूनं समजूत करून घेतली की साहेबाला गाणं समजत नाही.

फाल्गुनात कलकत्त्याहून रेकॉर्डी आल्या. दोधू स्वतः स्टेशनवर जाऊन पेटी घेऊन आला. गल्ली जमली. मीही होतो. साहेबानं दोधूला दिलेल्या जुन्या ग्रामोफोनची सुई टेकली. पहिलं कडवं, पहिली हाक... आणि ओ आली.

"उनू वं माय."

लांबून. पाण्यावरून.

लोकांनी वाहवा केली. दुसऱ्या हाकेलाही ओ आली. तिसऱ्यालाही. लोक म्हणाले, काय पोर शे! मी दोधूकडे पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं मला सांगितलं, "पहिली ओ खालथून शे भाऊ, बारवना पानीजोडथून. कोकी वरनी पायरीवर व्हती. दुसरी दारमाईन शे. दारमा कोनी नव्हतं."

"आणि तिसरी?"

"तिसरी गजरापेक्षा बी जवळ शे. भोंगाले तोंड लायीसन."

मी म्हटलं, मेणात काही दोष राहिला असेल. कारकुनाला दोष कागदात शोधायची सवय.

मग चैत्र लागला, आणि गजराबाईच्या लक्षात आलं. ती चुलीपाशी होती. "माय, पानी दे," असं अंगणातून ऐकू आलं. ती तांब्या घेऊन अंगणात गेली. अंगणात कोणी नाही. वळून पाहते तर कोकिळा चुलीजवळ, गजराबाई उठली त्या जागेच्या मागेच. ओठ हलले, आणि आवाज पुन्हा अंगणातून आला.

चार दिवसांत तो गल्लीतून येऊ लागला. पोर समोर उभी राहून बोलायची आणि लोक मान वळवून बाहेर बघायचे. शेजारणी आधी हसल्या. मग हसायच्या बंद झाल्या. मग यायच्याच बंद झाल्या. सासरकडून नेण्याचा निरोप आला होता, तो गजराबाईनं काहीतरी सांगून परत पाठवला. सून बोलते ती वेशीवरून ऐकू येते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

डॉक्टरांनी घसा पाहिला. निर्दोष.

दोधूला कारण सापडलं बाजारात. चुडामण नावाच्या माणसाचं चहाचं दुकान होतं, त्यानं नवीन ग्रामोफोन आणला होता. ज्या संध्याकाळी ती रेकॉर्ड तिथं जास्त वेळा लागायची, त्या रात्री पोरीचा आवाज आणखी मागे सरकायचा. दोधू त्याच्या पाया पडला. चुडामण कप विसळत म्हणाला, "अरे दोधूभाऊ, गिऱ्हाईक तिन्हासाठीच येस! म्हनतस, काय पोर शे, जशी कानमा बोलस. पहिले इतली जवळ नव्हती. वाजाडी वाजाडी सुधरी ऱ्हायनी."

दोधूनं ती रेकॉर्ड तिथंच आपटून फोडली. दुसऱ्या दिवशी चुडामणनं नवी आणली. फोडून फोडून किती फोडणार? धुळ्याला वाजत होती, जळगावला, सुरतेला. कुठल्या तरी गावात कोणी तरी किल्ली द्यायचं, आणि इथं नंदुरबारात एक पोर आपल्या आईपासून पाऊलभर लांब जायची.

कलकत्त्याला रेकॉर्डचा साचा होता. तो मोडला तरच हे थांबणार होतं. म्हणून अर्ज. तो मीच लिहून दिला. दोधू सांगत होता, मी 'सबब विनंती की' घालत होतो. मामलेदारांनी शेरा मारला, पोलिसांकडे. पोलिसांनी लिहिलं, चोरी म्हणावी तर मुद्देमाल दिसत नाही. तिथून दवाखान्याकडे, दवाखान्यातून धुळ्याला, धुळ्याहून 'खुलासा करावा' म्हणून परत. कंपनीला पत्र गेलं, तिचं उत्तर मात्र टपालानं लगेच आलं. रेकॉर्ड उत्तम खपत आहे, त्याच गळ्याची आणखी गाणी असल्यास कळवावे.

पोरीचा आवाज आता जिनच्या बाजूनं येत होता.

दोधूनं वाट पाहायचं सोडलं. तो म्हणाला, "माले एकच काम येस भाऊ. मांगलाले पुढे लयनं, पुढलाले मांगे. तेच करस."

चार मे, सन १९१४, सोमवार. अमावास्या नव्हती. भुतांना पंचांग लागतं हा आपला गैरसमज. वैशाख शुद्ध नवमी होती, चांगलं चांदणं होतं, आणि बारा वाजून गेले होते. मी तिथं नव्हतो. पण पुढचं सगळं दोधूनं सकाळी माझ्या टेबलापुढे उभं राहून सांगितलं, आणि मी एक शब्द वाढवलेला नाही.

वखार रिकामी होती. हंगाम संपलेला, गाठी गेलेल्या. आत पाऊल टाकलं तर पाऊल परत ऐकू यायचं. मधोमध कोकिळा बसली. गजराबाई तिचा हात धरून शेजारी. दोधूनं चाकाच्या पाटावर ग्रामोफोन ठेवला, मागचं दार उघडलं आणि दोरी घेऊन बारवेच्या वरच्या पायरीवर उभा राहिला. बेत सरळ होता. रेकॉर्ड वाजत असताना पाट एकेका हाकेला मागे ओढायचा. जे पुढे येऊन बसलं आहे त्याला मागे न्यायचं. पहिल्या दोन हाकांना कोकिळेनं तोंड उघडायचं नाही. तिसऱ्या हाकेला, भोंग्यातून ओ येण्याआधी, तिनं द्यायची. जागा तिची होती. तिनं घ्यायची.

पहिली हाक. दोधूनं दोरी ओढली. भोंग्यातून ओ आली, पण लांबची वाटली. त्याचा जीव भांड्यात पडला.

दुसरी हाक. पाट उंबऱ्याशी आला. ओ आणखी बारीक. मागे जात होती. जात होती ती.

तिसरी हाक. पाट उंबऱ्याबाहेर.

"दिवा लागना वं कोकी..."

चांदण्यात दोधूला दिसलं. पोरीनं तोंड उघडलं. वेळेवर उघडलं.

"उनू वं माय."

आवाज त्याच्या पाठीमागून आला. पायऱ्यांच्या तळातून. पाण्याजवळून.

आणि भोंगा... गप्प.

तबकडी फिरत होती. खरखर. ओ नाही.

मग आतून गजराबाईचा आवाज. अगदी हळू.

"अहो..."

दोधूनं आत डोकावलं.

"अहो... मन्हा कानमा कोन बोलनं?"

कोकिळा तिच्या उजवीकडे होती. गजराबाईनं डावा कान झाकला होता.

दोधूच्या हातातली दोरी ताणली गेली. त्याला वाटलं, चाक अडकलं. चाक अडकलं नव्हतं. पाट आत चालला होता. कोणी तरी दुसऱ्या बाजूनं ओढत होतं. सावकाश... जसा तो स्वतः ओढायचा. गाणारा वरच्या सुराला गेल्यावर मागे. खाली आल्यावर पुढे.

त्यानं दोरी सोडली.

पाट आत गेला. गजराबाईपुढे थांबला. भोंगा तिच्या तोंडाकडे.

मग काही नाही.

...

दुसऱ्या दिवशी चुडामणनं तक्रार केली की त्याची रेकॉर्ड झिजली. आईच्या हाका ऐकू येतात, पोरीची ओ येत नाही. धुळ्याहूनही तसंच कळलं. लोकांनी ती वाजवणं सोडलं. त्या रेकॉर्डीत आता कोणी नव्हतं.

ते कुठं गेलं, हे मी दोधूला विचारलं नाही. एवढं माहीत आहे की गजराबाईनं पुन्हा कधी कोणाला मोठ्यानं हाक मारली नाही. दिवेलागणीला ती डाव्या कानावर पदर घट्ट धरून बसायची, आणि अधूनमधून मान हलवायची. नाही. नाही. असं.

ग्रामोफोनचा भोंगा दोधूनं काढून आधीच्या अर्जाला जोडायला हजर केला. म्हणाला, आत हात घाला. मी घातला. पत्रा आतून ओला होता. आरशाजवळ तोंड नेऊन बोललं की आरसा जसा ओलावतो, तसा. मे महिना होता. दौतीतली शाई दुपारपर्यंत टिकत नव्हती.

दोधू गेला. गजराबाई गेली. सासरच्यांनी कोकिळेला नेलं, आणि लवकरच आणून सोडलं. ती अजून आहे. तुम्ही पाहिली असेल, पांढऱ्या केसांची, बाजारात बोटानं दाखवून वस्तू घेते. दर वैशाखात ती कचेरीत अर्जाची चौकशी करायला येते. खिडकीपुढे उभी राहते. ओठ हलतात. नवीन कारकून म्हणतो, बाई, जरा मोठ्यानं बोला. मी त्याला सांगायचो, थांब. मागची खिडकी उघड. जिनच्या, म्हणजे बारवेच्या बाजूची. आता ऐक.

मी चार्ज दिला तेव्हा तो भोंगा दफ्तरखान्यात खिळ्याला टांगलेला होता. घेणाऱ्यानं यादीवर खूण केली आणि सवयीनं आत बोट फिरवलं. मग बोट धोतराला पुसलं.

"तात्या, याले कोन धोवस रोज?" त्यानं विचारलं.

कोणी नाही.

प्रकरण पुन्हा धुळ्याकडे खुलाशासाठी गेलेले आहे. अर्ज विचाराधीन आहे.